गाऱ्हाणं घातलेली कुस्ती

नवऱ्याला त्यांनी रिंगणातून खाली ओढलं तेव्हा त्याचा डावा हात कडेच्या दोरात अडकला होता. तो सोडवायला कोणी थांबलं नाही. खांदा निखळल्याचा आवाज मी पंधरा हातांवरून ऐकला. मग कोणीतरी चिऱ्याचा तुकडा त्याच्या तोंडावर हाणला आणि पुढचे दात गेले. मी ओरडत होते, "सोडा रे तेका, माझो घोव तो." माझ्याच मुलखातली माणसं होती ती. ऐकलं कोणी नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षं. नवरा फ्रीस्टाइल कुस्तीच्या एका कंपनीत पैलवान होता आणि मी सगळ्यांचा स्वयंपाक करायची. फिरत फिरत आम्ही माझ्या माहेराकडे आलो आणि कट्टा गावाच्या अलीकडे कापणी झालेल्या मळ्यात रिंगण उभारलं. कुस्त्या आधी ठरलेल्या असत. नवरा काळा, जाडजूड, म्हणून तो राक्षस. समोरच्याच्या डोळ्यांत माती टाकायची, पंचाला ढकलायचं, हे त्याचं काम. दुसरा गोरा, देखणा, तो सज्जन. या सज्जनाने भात मऊ झाला म्हणून माझं पातेलं लाथेने उलटवलं होतं. मला तो माणूस आवडत नसे.

पहिल्या दिवशी राक्षस जिंकायचा, दुसऱ्या दिवशी सज्जन. म्हणजे लोक पुन्हा येत. सगळीकडे हे चालून गेलं होतं.

त्या दुपारी बायकांनी मला घेरलं. "तो काळो तुझो घोव काय गो? दुसरो कोण गावलो नाय तुका?"

"गावलेलो. तो ह्याच्यापेक्षा काळो होतो."

त्या हसल्या. तोवर कोणाच्या मनात राग नव्हता. आमची माणसं खुळी नाहीत. दशावतारातला राक्षस खेळ संपल्यावर चहा प्यायला बसतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तो राक्षस खेळात मरतोच. जिंकलेला राक्षस आमच्याकडे कोणी पाहिलेला नव्हता.

कुस्तीआधी गावातला एक म्हातारा नारळ घेऊन पुढे आला आणि त्याने देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो काळो राकस आज हय इलो आसा, तेका आमच्या पोरांसमोर आडवो कर आणि ह्या गोऱ्याक येश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा मळा म्हणाला. मीही म्हणाले. लहानपणापासून तोंडाला सवय होती.

कंपनीचा मॅनेजर घाटावरचा. त्याला वाटलं, गावाने स्वागत केलं. त्याने टाळ्या वाजवल्या. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "आज गोऱ्याला जिंकू द्या. यांनी देवाकडे मागितलंय."

"मग उद्या कोण येणार बघायला?" तो म्हणाला. "तू भाकऱ्यांचं बघ."

मी रिंगणात जाऊन नवऱ्याचा हात धरायला हवा होता. मी भाकऱ्यांचं बघायला गेले.

ठरल्याप्रमाणे नवऱ्याने गोऱ्याला पाठीवर पाडलं. पंचाने तीनदा हात आपटला. मग पुढून एकजण म्हणाला, "देवाक खोटो पाडल्यान ह्येना." तेवढं पुरलं. दोर तुटले. मांडवाच्या लाकडी मेढी उपटल्या गेल्या.

गोरा पळून जाऊ शकत होता. मॅनेजर पळालाच. गोरा खाली उडी मारून माझ्या नवऱ्याच्या अंगावर पालथा पडला आणि ओरडला, "अरे खेळ आहे हा, आम्ही एका ताटात जेवतो."

"ह्यो पण तेच्यातलोच," कोणीतरी म्हणालं. पहिली मेढ त्याच्या पाठीत बसली, दुसरी डोक्यात. मी दोघांच्या मध्ये शिरले तेव्हा माझंही मनगट मोडलं. गोऱ्याच्या कानातून रक्त येऊ लागलं तशी माणसं मागे सरली.

गाऱ्हाणं घातलेल्या म्हाताऱ्यानेच आपलं धोतर फाडून त्याचं डोकं बांधलं. "आमी ह्याच्याचसाठी गाऱ्हाणा घातलेला," तो मला म्हणाला. दोघांना चिरे वाहणाऱ्या ट्रकमध्ये घालून आम्ही दवाखान्याकडे निघालो.

कणकवली यायच्या आधीच गोरा गेला. नवरा जगला, आणि मी.