दगडाखालचं लोखंड

आबाजी ठोंबरे खालापूरजवळच्या एका लहान वर्कशॉपमध्ये वीस वर्षं वेल्डिंग करत होते. तिथे मापं तपासायला ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आली. सपाट, काळी, पावणेतीनशे किलोची. गिऱ्हाइकाची माणसं दोन दिवसांत पाहणीला येणार होती. मालकांनी स्टँडसाठी जुन्या शेडचा लोखंडी अँगल दाखवला.

“शेठ, हा गंजून पार पातळ झालाय.”

“रंग मारा वरून.”

आबाजींनी त्याच अँगलचा स्टँड जोडला. त्यांनी रंग मारला.

आठव्या दिवशी स्टँडचा पाय मुडपला. माप घेत बसलेल्या कामगार ओमकारच्या उजव्या पायावर प्लेट आली. पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

चौकशीत मालकांनी वेल्डिंगला दोष दिला. आबाजींनी तुटका अँगल पुढं ठेवला. जोड शाबूत होता, लोखंड मधेच फाटलं होतं.

“पण लावलं कुणी?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“मीच.”

चार महिन्यांनी नवी प्लेट आली; तिचा स्टँडही आबाजींनाच करायचा होता. ओमकारला बसून तपासणीचं काम मिळणार होतं. आबाजी कशेळ्याला त्याच्या घरी गेले. ओमकारची बायको संजना दारातून बाजूला झाली, पण ‘या’ म्हणाली नाही.

“तुमच्या हातच्या स्टँडखाली पुन्ना पाय घालू मी?” ओमकार म्हणाला.

“लोखंड तू निवड. तू नाय म्हटलंस तर मी हात लावणार नाय.”

मग ओमकारनं कुबड्या मागितल्या.

कर्जतच्या लोखंडाच्या वखारीत मालकांच्या माणसानं वर्कशॉपात पडून असलेले सागाचे वासे सुचवले. “पावसाळ्यात फुगतील, प्लेट लेव्हलला राहायची नाय,” ओमकार म्हणाला. पातळ चौकोनी पाइप त्यानं कुबडीनं ठोकून बाजूला सारला. शेवटी पाच मिलिमीटर जाडीच्या नव्या पाइपवर हात ठेवला. “आत कोरडी वाळू भरा, मशिनचा हादरा बसणार नाय. प्लेट तीनच ठिकाणी टेकवा, चार नको, डगमगेल. आणि कोपऱ्यांना खाली आधार ठेवा, घसरली तर.”

आबाजींनी सगळं तसंच केलं. प्रत्येक जोड घासून त्याला दाखवला. ओमकार नुसता मान हलवायचा.

आता तो रोज त्या प्लेटपाशी बसतो. मापं अचूक येतात. स्टूल मात्र तो हातभर लांब ठेवतो, त्यामुळे वाकावं लागतं आणि पाठ दुखते. आबाजी एकदा म्हणाले, “जरा जवळ सरक रं, आता काय होत नाय.”

ओमकारनं ऐकलं, पण स्टूल हलवलं नाही.