आरशावरचा अंगठा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

प्रमोद केळझरचा, मी सेलूचा. शाळेत एका बाकावर बसलो आणि पुढं, घरापासून फार दूर, एकाच प्रयोगशाळेत लागलो. रविवारी खोलीवर वांग्याची भाजी तोच करायचा — तसं तिखट मग कुठं मिळालं नाही. आमचं काम म्हणजे लेसरपासून अतिनीलच्याही पलीकडचा प्रकाश तयार करायचा आणि त्यानं हेलियमची एक वर्णरेषा आणखी अचूक मोजायची. हा प्रकाश मोठा नाजूक. हवासुद्धा त्याला गिळते, म्हणून सगळं निर्वात पेटीत. आतल्या आरशाला उघड्या हातानं शिवायचं नाही. बोटाचा ओशटपणा त्या प्रकाशात काळा पडून चिकटतो. किती साधा नियम!

खंडेनवमीला प्रमोदनं पेटीला बाहेरून हळदकुंकू वाहिलं. मी यथेच्छ टिंगल केली. मग त्यानं प्रसादाचा शिरा आणला.

"अबे, देव मानत नाई तू, मंग शिरा दुसऱ्यांदा काऊन घेऊन राह्यला?"

तूप चांगलं होतं, एवढंच म्हणतो. दुपारी पेटी उघडून आरसा किंचित वळवायचा होता. हातमोजे शेजारच्या खोलीत — कोण जाणार? मी बोटं रुमालाला पुसली. पुसली होती, खरंच — पण तूप रुमालाला थोडंच जातं?

काही दिवसांत रेषा पुसट होत दिसेनाशी झाली. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी पेटीच्या काचेतून आरशावरचा डाग पाहिला आणि निकाल दिला : कुंकू आत गेलं. वर अंधश्रद्धेवर भाषण. प्रमोद मान खाली घालून उभा. आणि मी? मी मान डोलावत होतो.

आरसा बदलायचं काम माझ्याकडे आलं. हातात घेतला, तर डागात अंगठ्याचे वळसे स्पष्ट दिसत होते. मी ते वळसे घासून टाकले — मग आरसा सरांना दाखवला.

प्रमोदला कामावरून काढलं. रेषा पुढं मी मोजली. डॉक्टरेट, शाली, नारळ — असल्या सत्कारांवर मी फार खुसखुशीत बोलतो.

गेल्या महिन्यात बोरगाव मेघेला त्याच्या शिकवणीत गेलो होतो. "पोट्टेहो, हा माहा दोस्त," तो म्हणाला. "माह्या हातानं सत्यानाश झालता, यानं निस्तरला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हसून हात जोडले.