दोन प्रोसेसर आणि दुपारचा अर्धा तास

१९९७ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि लखनौत मला मराठीत बोलायला कोणी उरलं नव्हतं.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा कानपूरला. फोनवर मी मराठीत विचारायचो, तो हिंदीत उत्तर द्यायचा, "हाँ बाबूजी, सब ठीक." त्याला मराठी कळतं, तोंडातून निघत नाही. फौजेत होतो तोवर सातारा-कोल्हापूरकडची माणसं भोवती असायची. पेन्शनीवर आलो, लखनौतच तेलीबागेत दोन खोल्या बांधल्या. भावांनी गावी परत बोलावलं, तेव्हा नाही म्हणालो. मी एकदा नाही म्हणालो की नाही. मग एकटेपणाची तक्रार कुणाकडे करणार?

पुलांचे आराखडे करणाऱ्या एका खाजगी ऑफिसात मी कामाला होतो. जनरेटर, वायरिंग आणि कॉम्प्युटरच्या काचेच्या खोलीतले दोन एसी माझ्याकडे. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं वर्कशॉपात शिकलो. अकरा वर्षांत माझ्यामुळे त्या खोलीत काही बंद पडलं नव्हतं. बडे साहेब पाहुण्यांना सांगायचे, "इस कमरे की चिंता मुझे नहीं, हवलदार साहब को है." हे ऐकलं की त्या दिवशी माझी सायकल हलकी चालायची.

मे महिन्यात साहेबांनी कॉम्प्युटरच्या दोन बड्या मशिनी परीक्षेला मागवल्या. दोन आठवडे दोघींना सारखाच हिशेब द्यायचा आणि जी चांगली ती ठेवायची. एकीत एकच प्रोसेसर, पण भलताच वेगवान. दुसरीत दोन, प्रत्येकाचा वेग निम्म्याच्या आसपास. ही दुसरी मशीन घेऊन पुण्याच्या कंपनीतून एक बाई आल्या होत्या. पस्तिशीच्या असतील. पहिल्या दिवशी त्या टेबलाखाली वाकून स्वतःशीच पुटपुटल्या, "अरे देवा, ही वायर काही पुरत नाही."

मी म्हणालो, "दोन हात कमी पडतीय. आणतो."

त्या झटकन वर आल्या आणि डोकं टेबलाला आपटलं. "काका! तुम्ही मराठी?"

"साताऱ्याकडचा. आणि डोकं सांभाळा, टेबल ऑफिसचं आहे."

त्या कोल्हापूरच्या निघाल्या. त्यांना लखनौतल्या महानगर नावाच्या वस्तीत गेस्ट हाऊस दिलं होतं आणि तिथलं जेवण त्यांना सोसत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी डब्यात दोन भाकरी जादा घेऊ लागलो. दीड ते दोन आम्ही जनरेटरच्या शेडशेजारी माझ्या खोलीत जेवायचो. नक्शे काढणारे बाबू दारातून डोकावायचे, "क्या हवलदार साहब, आजकल टिफिन बड़ा भारी है!" मी म्हणायचो, "आपका मुँह उससे भी भारी है, आगे बढ़िए."

एकदा मी बाईंना विचारलं, "वेग दोनशे आणि दोनशे, म्हणजे चारशेच की. मग तुमच्या दोन प्रोसेसरात आणि त्यांच्या एकात फरक काय?"

"तशी बेरीज होत नाही काका. भाकऱ्या कोण करतं तुमच्याकडे?"

"मीच."

"दोघं असतील तर एक थापेल, एक भाजेल. पटापट होतील. पण एकच भाकरी करायची असेल तर दुसरा नुसता उभा राहणार. आमची मशीन दोन पुलांचे हिशेब एकदम करते. एकच छोटा हिशेब असेल तर ती एका प्रोसेसरची पुढे जाईल."

"म्हणजे काम कसलं आहे ते बघून घ्यायचं."

"एवढंच. पण लोक डब्यावरचा आकडा वाचतात." मग त्यांनी आणखी सांगितलं, की प्रोसेसरच्या हाताशी थोडी मेमरी असते, कट्ट्यावरच्या मिठामसाल्यासारखी. ती कमी असली की दरवेळी माळ्यावर चढावं लागतं, मग हात कितीही चपळ असो.

मला ते सगळं समजलं. बायको असताना मी थापायचो, ती भाजायची. हे बाईंना सांगितलं नाही.

त्यांची मशीन मात्र रोज दुपारी बंद पडू लागली. सकाळी हिशेब लावायच्या, जेवून जायच्या तर पडदा काळा. एका प्रोसेसरची मशीन चालूच. साहेब ते रोज वहीत लिहीत. बाईंनी केबल बदलली, कार्डं काढून पुसली. पुण्याला फोन केला तर तिथले म्हणाले, दोन प्रोसेसरचा हट्ट तुमचा होता, आता तुम्हीच निस्तरा. त्यांच्यावरचा वरिष्ठ त्यांना परीक्षेच्या कामावरून काढून कागदपत्रांच्या कामाला बसवायला टपलेला होता. भाकरी मोडता मोडता त्यांनी हे सांगितलं आणि मग विचारलं, "काका, दुपारी इथे काही होतं का हो?"

मला वाटलं त्या माझ्या लाईनीवर बोट ठेवतायत. "काही होत नाही," मी म्हणालो. "माझ्या व्होल्टेजात खोट नाही. मशीनच कच्ची असंल."

त्या हात धुवायला उठल्या.

आता सांगायचं ते सांगतो. रोज दीडला मी दोन्ही एसी बंद करायचो आणि दोनला चालू करायचो. वर्कशॉपची सवय. गाडी घाट चढून आली की बॉनेट उघडून तिला विसावा द्यायचा. तसाच कॉम्प्रेसरला अर्धा तास. कुणाला विचारलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरांना त्याचं काही नसे, कारण जेवायच्या वेळी तेही रिकामे असत. या मशिनींचा हिशेब जेवायला थांबत नव्हता. बाहेर लू, उन्हाळ्याचं ते भाजणारं वारं, चाललेली, आणि बाईंची मशीन पश्चिमेच्या काचेला लागून. एका डब्यात दोन प्रोसेसर तापायचे. त्या परत जाईपर्यंत खोली पुन्हा गार होऊ लागलेली असायची.

हे मला कळलं दुसऱ्या आठवड्यात. बुधवारी बाईंना ताप होता, त्या आल्या नाहीत. सकाळी फोन करून मला म्हणाल्या, "तेवढं हिशेब सुरू करायचं बटण दाबा काका." दीड वाजला, पण मला जेवावंसं वाटेना. डबा न उघडता मी शेडमध्ये फिल्टर साफ करत बसलो आणि एसी बंद करायचं विसरलो. त्या दिवशी मशीन संध्याकाळपर्यंत चालली. दोन्ही पुलांचे हिशेब पुरे, एका प्रोसेसरवालीच्या तासभर आधी. गुरुवारी बाई आल्या, आम्ही जेवलो, मी सवयीनं एसी बंद केले. मशीन बंद पडली, आणि दोन दिवसांतला फरक माझ्या ध्यानात आला.

एसी बंद करणं सोडणं सोपं होतं. शुक्रवारी सोडलंही, आणि मशीन नीट चालली. पण साहेबांच्या वहीत आधीचे दिवस होतेच. "दो दिन चली, बाकी दिन बैठ गई," एवढंच ते म्हणाले. सांगितलं असतं तर साहेब पाहुण्यांना सांगायचे ते अकरा वर्षांचं वाक्य गेलं असतं. मी सांगितलं नाही.

शनिवारी साहेबांनी एका प्रोसेसरची मशीन ठेवली. सोमवारी लिहून पक्कं करणार होते. बाईंनी आपली मशीन खोक्यात भरली. जाताना माझ्या पाया पडल्या. "काका, तुमच्या भाकरीनं तारलं हो मला." मी आशीर्वादसुद्धा धड दिला नाही. घरी येऊन चूल पेटवली नाही.

रविवारी सकाळी सहाला मी सायकल काढली. तेलीबाग ते महानगर चांगलंच लांब, पण ऊन चढायच्या आत पोहोचलो. बाई ओल्या केसांनी दारात आल्या.

"काका? इतक्या सकाळी?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"तोंडावर विचारलं होतं. आणि तुम्ही माझ्या मशीनला कच्ची म्हणालात."

"म्हणालो."

त्यांनी मला आत या म्हटलं नाही. मी तरी कुठल्या तोंडाने अपेक्षा करावी? थोड्या वेळाने आतून कागद आणि पेन घेऊन आल्या. "तारखा आणि वेळा लिहून द्या. हिंदीत लिहा, साहेबांना दाखवणार आहे. परीक्षा पुन्हा घ्यायला लावते."

मला लिहायला वेळ लागतो. पायरीवर बसलो, कागद गुडघ्यावर घेतला. ज्या ज्या दिवशी एसी बंद केले, त्या प्रत्येक दिवसाची तारीख एकाखाली एक लिहिली. पुढे दरवेळी लिहिलं, डेढ़ से दो, एसी मैंने बंद किया. शेवटी माझं पूर्ण नाव लिहिलं, हवलदार न लावता, आणि कागद त्यांच्या हातात दिला.