कागदाला खांदा नसतो

ट्रॉय या अमेरिकन शहरातल्या आमच्या मराठी गोतावळ्यात शिकारीकाका एका गोष्टीसाठी बदनाम होते. ते तुमच्या घरी आले की तुमच्या कचऱ्यात हात घालायचे. दुधाचे रिकामे गॅलन हवे असायचे त्यांना. गणपतीच्या जेवणाला बाकीचे मोदकांवर तुटून पडलेले असताना काका गॅरेजमध्ये प्लास्टिकचे कॅन हुडकत असायचे. "धुऊ नका हो, तसेच द्या!" नव्याने आलेल्या वहिनींना वाटायचं, यांचा काही रिसायकलिंगचा धंदा असेल. मग कोणीतरी सांगायचं की हा माणूस त्या कॅनमध्ये पाणी भरतो, नेमबाजीच्या रेंजवर ओळीने मांडतो आणि त्यांना गोळ्या घालतो. वहिनींचा घास हातातच राहायचा.

काका मूळचे कोल्हापूरचे. गाड्यांच्या कंपनीत तीस वर्षं त्यांचं एकच काम, गाडी भिंतीवर आदळवायची आणि पत्रा कुठे कसा चुरगळला ते बघायचं. रिटायर झाल्यावर गाड्या गेल्या, खोड राहिली. शिवाय या माणसाला एका जागी बसणं म्हणून माहीत नव्हतं. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, फोन तर ड्राइव्हवेवर फेऱ्या मारत. त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोललं की माझेही पाय वळवळायला लागायचे. काकू म्हणायच्या, "लोकांच्या पायाला भिंगरी असते, यांच्या पायाला इंजिन आहे मेलं."

पाण्यातून परत मिळालेल्या गोळ्या काकांनी चक्क काकूंच्या मसाल्याच्या डब्यात लावून ठेवल्या होत्या. काकूंनी त्याच दिवशी नवा डबा आणला आणि जुन्याला जन्मात हात लावला नाही. सात वाट्या, प्रत्येकीत एकेक चिठ्ठी, किती पावलांवरून मारली त्याची. एका वाटीत अळंबीसारख्या छान उमललेल्या गोळ्या, एकीत होत्या तशाच राहिलेल्या, आणि एकीत नुसता चुरा.

"हे बघ," काका चुऱ्याची वाटी नाकासमोर धरायचे. "शिशावरची तांब्याची साल पातळ आणि वेग अफाट. जवळून हाडावर आदळली की फुटते, आत जातच नाही. आणि ही दुसरी. टणक, पण लांबून मारलेली. वेग मेला, मग उमलणार कशी? सुईसारखी आरपार. दोन्हीकडे हाल हरणाचे. प्रत्येक गोळीचा आपला एक वेग असतो बाबा. जनावराला काही कळायच्या आत संपलं पाहिजे. ते जमत नसेल तर घरी बसावं आणि वरणभात खावा."

मी नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. ग्रीन कार्ड हातात आलं आणि इतरांना घर सुचतं तशी मला बंदूक सुचली. सेफ्टीचा कोर्स केला, लायसन्स काढलं, काकांच्या मागे लागलो. त्यांनी माझ्यासाठी जड, सावकाश जाणारी गोळी निवडली. "आपल्या जंगलात हरीण चाळीस-पन्नास पावलांवर येतं. ही हाड फोडून आत जाईल."

"पण काका, त्या पातळ सालीच्या गोळीचा स्पीड बघा ना यार!"

"मी तुझा यार नव्हे. आणि तू काय हायवेवर आहेस का?"

मला काही ते पटलं नव्हतं. आम्ही कॉम्प्युटरवाले, जास्त आकडा म्हणजे चांगलं हे आमच्या रक्तातच. इंटरनेटवर चार रात्री घालवल्या आणि दुकानातल्या सगळ्यात वेगवान गोळ्यांचा डबा उचलून आणला. एकटाच रेंजवर गेलो. तीन भोकं एका पार्ले बिस्किटाखाली झाकली जातील इतकी जवळ! काकांना नुसता टार्गेटचा फोटो पाठवला, गोळीबद्दल अक्षर काढलं नाही. त्यांचं उत्तर आलं, "छान. पण कागदाला खांदा नसतो."

नोव्हेंबरात आम्ही उत्तरेला गेलो, चार तासांचा ड्राइव्ह. सकाळी नऊच्या सुमाराला हरीण आलं, चाळीस पावलांवर. मी चाप ओढला. ते कोसळलं, आणि मी ओरडणार एवढ्यात उठलं. पुढचा एक पाय लोंबत होता. तीन पायांवर ते झाडीत शिरलं आणि दिसेनासं झालं.

मी धावणार, तर काकांनी जॅकेट धरून खाली बसवलं. "अर्धा तास. आत्ता मागे लागलास तर ते मैलभर पळेल." आणि तो न बसणारा माणूस अर्धा तास पापणी न हलवता बसला. मीच घड्याळ बघत होतो, उठत होतो, बसत होतो. मग शोध सुरू झाला. रक्ताचा थेंब दिसला की काका टॉयलेट पेपरचा तुकडा फांदीला अडकवायचे, म्हणजे मागे वळून बघितलं की वाट कळते. दलदलीत गुडघाभर पाणी, वर बर्फाची पापडी. काका एकोणसत्तर वर्षांचे, गुडघे दोन्ही गेलेले. दुपार झाली, थेंब संपले. मी म्हटलं, "काका, सोडू या का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीनला सापडलं. आडव्या पडलेल्या झाडाशी बसलेलं, मान वर, डोळे उघडे. सहा तास! काकांनी एकाच गोळीत ते संपवलं. मी तिकडून तोंड फिरवून उभा होतो, रडत होतो म्हटलं तरी चालेल.

हरीण साफ करताना काका खांद्यापाशी बराच वेळ चाचपत राहिले. मग बर्फाने हात चोळले आणि मला विचारलं, "मी दिलेलीच गोळी होती ना?"

"हो," मी म्हणालो. एवढंच. इतकं सोपं होतं ते.

"मग माझं चुकलं," काका म्हणाले.

त्यानंतर काका शिकारीला गेले नाहीत. कोणी विचारलं तर सांगायचे, "माझा अंदाज चुकला, जनावराचे हाल झाले." हे भर पंगतीत, माझ्यादेखत! मी पानातला लाडू तसाच टाकून हात धुवायला उठायचो. आज सांगू, उद्या सांगू, काकू नसताना सांगू, असं करत तीन सीझन गेले. दर नोव्हेंबरला काका खिडकीपाशी येरझाऱ्या घालायचे आणि मी त्यांच्याकडे जायचं टाळायचो.

मग दूर दक्षिणेला शुगर लँडमध्ये राहणाऱ्या काकांच्या लेकीने हट्टच धरला, आता आमच्याकडे या. ती तिकडे डॉक्टर आहे. काकांनी घर विकलं. सामानाचा ट्रक पुढे गेला, काकू गाडीत बसल्या, आणि आता नाही तर कधीच नाही म्हणून मी ड्राइव्हवेवर एका दमात सगळं ओकलो. गोळी माझी होती काका, तुमची नव्हती, मी खोटं बोललो.

काका प्रथमच माझ्यासमोर पाय न हलवता उभे होते.

"खांद्यात तांब्याच्या चकत्या होत्या, कागदासारख्या पातळ," ते म्हणाले. "तीस वर्षं पत्रा बघितलाय मी. मला तिथेच कळलं."

"मग शिकार का सोडलीत?"

"एकट्याने जंगलात जायचं वय राहिलं नव्हतं. सोबत जायला तूच होतास."

"मग तेव्हाच का नाही झापलंत मला?"

काकांनी गाडीचं दार उघडलं. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"विचारलं होतं की मी तुला."