शंभर-नव्वदचा उजेड

जीपच्या दिव्यातला शंभर-नव्वदचा बल्ब खरंच जास्त उजेड देतो की नुसत्या वायरी तापवतो, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी सासूवरूनसुद्धा झाली नाहीत. आमचे हे घाटनांदूर ते अंबाजोगाई जीप चालवायचे. माझं अंबाजोगाईत ब्लाउज शिवायचं दुकान होतं. संध्याकाळी ह्यांच्याच शेवटच्या फेरीला मी घरी परतायचे, पुढच्या सीटवर बसून. ती सीट माझी. कुणी पुढारी आला तरी त्याला मागंच बसावं लागायचं.

दिवेलागणीला गाडी जिथं असेल तिथं हे ती कडेला घ्यायचे, दिव्यांचा खटका ओढायचे आणि समोर पडलेल्या उजेडाला हात जोडायचे. आपण घरात दिवा लावला की जोडतो तसे. मागची माणसं घायकुतीला यायची. "चला की मालक, उशीर व्हतोय." हे म्हणायचे, "उजेडाचं खातो बाबा मी. त्याला इचारल्याबिगर कसं निघू?"

मग एका हिवाळ्यात ह्यांची कुरकुर सुरू झाली की गाडीला उजेडच राहिला नाही. कंपनीचा बल्ब साठ-पंचावन्नचा. म्हणजे लांबच्या उजेडाला साठ वॉट आणि डिपरला, खाली पाडलेल्या उजेडाला, पंचावन्न. स्टँडजवळच्या इलेक्ट्रिशियननं तो काढून शंभर-नव्वदचा बसवला. पहिल्या संध्याकाळी ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

"आता बघ, रस्त्यावर सुई पडली तरी दिसंल तुला."

"चाळीसचा शिक्का मारला म्हनून छत्तीसचं ब्लाउज चाळीसचं व्हत न्हाई," मी म्हणाले. "आकडा मोठा हाय नुसता. येड्यात काढलं तुमाला त्यानं."

तेव्हापासून हे माझं पालुपद झालं. मला तो बल्ब सवतीसारखा खुपायचा. चारच दिवसांत हे पुन्हा पुढे वाकून, स्टिअरिंगवर छाती टेकून चालवायला लागले, तेव्हा मला जोरच चढला. एकदा गिरवलीच्या अलीकडे करपलेल्या प्लास्टिकचा वास आला. बल्बचा होल्डर वितळला होता. मागच्या बायका पिशव्या घेऊन पटापट खाली उतरल्या. "बघा, उजेड न्हाई आन् नुसता जाळ," मी सगळ्यांसमोर म्हणाले. ह्यांनी दुसऱ्या दिवशी जाड वायर आणि खटक्यावरचा भार पेलणारा रिले टाकून गाडी आणली. तरी तक्रार तीच. उजेड न्हाई.

त्यात ह्यांनी डिपर देणं सोडून दिलं. समोरची मोटरसायकल डोळे दिपून थांबायची आणि शिवी हासडून जायची. एक पोरगा तर खिडकीशी येऊन ओरडला, "डिपर मार बे! आंधळा हायेस का?"

तो गेल्यावर मी चिडून विचारलं, "कावून देत न्हाई तुमी डिपर? लोकांच्या शिव्या मलाबी बसतात."

"डिपरला मला काईच दिसत न्हाई गं," हे हळू आवाजात म्हणाले. मी त्याचाही दोष बल्बलाच दिला.

पुढे ह्यांनी एकशेतीसच्या बल्बचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, आज एकदाचा सोक्षमोक्ष लावू. संध्याकाळी गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्यायला लावली. त्याच्या दुकानामागे चुना दिलेली भिंत होती. त्याला सांगितलं, डावीकडं कंपनीचा जुना बल्ब घाल, उजवीकडं तुझा शंभर-नव्वदचा ठेव आणि गाडी भिंतीसमोर उभी कर. हे ड्रायव्हर सीटवर, मी माझ्या सीटवर, इलेक्ट्रिशियन माझ्या खिडकीशी. इंजिन चालू होतं. ह्यांनी खटका ओढला, हात जोडले.

भिंतीवर दोन गोल पडले. उजवीकडचा चांगलाच पांढरा, ठसठशीत. दुप्पट नव्हे, दुकानदार सांगतात तेवढा तर अजिबात नव्हे, पण जास्त होता. चुन्याचे पोपडे, खिळ्याचं भोक, सगळं उजवीकडेच उठून दिसत होतं. मी हरले होते. आता हे महिनाभर मिरवणार, भाकरी वाढताना टोमणे ऐकावे लागणार, म्हणून मी तोंड वाकडं करूनच ह्यांच्याकडे वळले.

हे भिंतीकडे बघत होते. सगळी मान फिरवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग खटका बंद केला.

"दोनी सारखेच हायेत," हे म्हणाले. "तूच बरूबर व्हतीस. फसवलं आपल्याला."

लग्न झाल्यापासून ह्यांनी माझं म्हणणं असं सरळ कधीच मान्य केलं नव्हतं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मालक, उजवा तर लई..." आणि माझ्याकडे बघून गप्प झाला. बल्ब चांगला होता. पहिल्यापासून चांगला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना मी वाटभर देवाला विनवत गेले की मोतीबिंदू निघू दे. मोतीबिंदू कुणी मागून घेतलाय का कधी? मी मागितला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले, आहे ती राखायची, थेंब चुकवायचे नाहीत. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एक फेरी तरी मारू द्या की साहेब. रस्ता पाठ हाय माझा." डॉक्टर नको म्हणाले. हे मान खाली घालून आपल्या हातांकडे बघत बसले. त्या हातांकडे माझ्याच्यानं बघवेना.

परतताना दुसऱ्याच्या जीपने आलो. तो ड्रायव्हर ह्यांचा जुना सोबती. त्याने ह्यांना मानाने पुढच्या सीटवर बसवलं आणि मी मागे बसले. दिवेलागण झाली तेव्हा त्याने गाडी न थांबवता चालता चालताच दिवे लावले. ह्यांनी तेवढ्यात हात जोडले. मी पदर तोंडात धरून घाटनांदूर येईपर्यंत रडले.

जीप अंगणात उभी राहिली. थेंब एकदाही चुकले नाहीत, तरी उरलेली नजर हळूहळू गेलीच. सकाळच्या उन्हात ह्यांना माणसाची सावली कळते. संध्याकाळ झाली की तेही नाही. एवढ्यात शिरूर कासारच्या एकाने जीप विकत मागितली आणि हे हो म्हणाले. मला वाटलं होतं, भांडतील. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

तो माणूस गाडी न्यायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी हे भिंत धरत धरत अंगणात आले. बॉनेटवर हात फिरवत पुढे गेले आणि दिव्यांसमोर उभे राहिले.

"बस वर," मला म्हणाले. "खटका ओढ. उद्या जायची ती."

मी पहिल्यांदाच ह्यांच्या सीटवर बसले. खटका ओढला. खट् असा आवाज झाला. उभ्या उभ्या बॅटरी उतरली होती, दिवे काही लागले नाहीत. दोन्ही काचा तशाच काळ्या. पण हे आवाजाचीच वाट बघत होते. आवाज आला तसे ह्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"पडला का गं उजेड?"

"पडला," मी म्हणाले. "लई पडलाय. पार रस्त्यापातूर."

"मंग?" हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "शंभर-नव्वदचा हाय. सांगत व्हतो का न्हाई तुला?"

"सांगत व्हता," मी म्हणाले, आणि त्यांचा हात धरून त्यांना घरात नेलं.