अंगणातलं मिठागर

आमच्या पनवेलच्या वाचनालयाच्या चिटणिसांचा मला आजही राग येतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

स्वातंत्र्यानंतरची आठ-दहा वर्षं उलटली होती. वाचनालयामागच्या दोन खोल्यांत या गृहस्थांनी संग्रहालय मांडलं. जुनी वजनंमापं, गंजलेली तलवार, पेंढा भरलेला बगळा आणि जिकडेतिकडे पाटी: हात लावू नये. मी प्राथमिक शाळेत शिकवायची. वर्ग तिथं नेला की जरा वेळानं मुलं एकमेकांना चिमटे काढायला लागायची. करणार काय दुसरं? बगळ्याला नमस्कार?

म्हणून मी भांडून मागचं अंगण मिळवलं आणि तिथं खेळायचं मिठागर आखलं. उतारावर तीन वाफे, मध्ये बांध, बांधाला फळीचं दार. मुलांनी नाचून नाचून चिखल तुडवला, तळ घट्ट केला. काही जण भरती व्हायचे, डब्यांनी खाडीचं पाणी आणून ओतायचे. ओहोटीबरोबर ते निसटायच्या आत बाकीच्यांनी दार लावायचं. उन्हानं आटलेलं पाणी मग पुढच्या वाफ्यात सोडायचं. मी धडा म्हणून एक अक्षर शिकवलं नाही. "बाई, पाणी आटलं की जास्त खारट का लागतं?" हे त्यांनीच चाखून विचारलं.

उरणकडच्या मिठागरातली एक मुलगी मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकत होती. वर्गात तोंडातून शब्द नाही. इथं मात्र सगळ्यांवर हुकूम: "चपला काढा आदी! आगरात चपला घालून जात नाय कोनी!"

चिटणीस नाक मुरडायचे. "संग्रहालय आहे हे बाई, डबकं नव्हे." पण संग्रहालयाच्या रीतसर उद्घाटनाला मुंबईचे पाहुणे यायचे ठरले, त्यांना मुलांचं असलं काही आवडतं असं कानावर आलं, आणि स्वारी एकदम 'आमचं मिठागर' म्हणायला लागली. आयत्या बिळावर नागोबा!

आदल्या संध्याकाळी शेवटच्या वाफ्याच्या कडेला पांढरी साय धरलेली मला दिसली. मुलं घरी गेली होती. सकाळी दाखवू म्हटलं.

सकाळी येऊन बघते तर वाफे काठोकाठ भरलेले! रिकामे बरे दिसत नाहीत म्हणून चिटणिसांनी विहिरीचं गोडं पाणी ओतवलं होतं. मीठ गेलं विरघळून. बांधावर वाण्याकडच्या जाड्या मिठाचा ढीग. "पाहुण्यांना मीठ दिसायला नको का?" कपाळ माझं! मिठागरात गोडं पाणी घालणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये हाच एक सापडायचा होता.

पाहुण्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. "वा! हे तुम्ही केलंत?"

मुलांनी चिटणिसांकडे बघितलं. मग ती मुलगी म्हणाली, "आमी नाय केलं. यांनी दुकानातून आनलंय."

पाहुणे गेल्यावर चिटणीस माझ्या अंगावर आले. "त्या कार्टीला माफी मागायला लावा."

"आधी तुम्ही मागा, मुलांची," मी म्हटलं. त्यांनी काय मागावी! पुढच्याच आठवड्यात अंगणात फरशी बसली.

मुलगी माझ्याशीही बोलेना. एकदा शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. म्हटलं, "अगं, आपलं मीठ झालं होतं. कडेला धरलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"आता तुमी पन?" म्हणाली, आणि दप्तर उचलून निघून गेली.