चौकटीवरचा जुना थर

आमच्या समोरच्या खोल्यांत एक इलेक्ट्रिशियन, त्याची बायको आणि त्याची आई राहायला आले, तेव्हा बायकोचे दिवस भरत आले होते. तिचे वडील रंगारी. त्यांना सगळे थांबाकाका म्हणत, कारण त्यांचं बोलणंच त्या शब्दानं सुरू व्हायचं. चहा पुढे केला की, "थांबा, निवू दे." जिना उतरताना, "थांबा, चप्पल घालतो." त्यांनी रंगवायला घेतलेली भिंत वाळेपर्यंत घरातली पोरं लग्नाला येतात, असं लोक म्हणत. ते स्वतःही त्यावर हसत. घाईत काहीच करायचं नाही, एवढी एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर पाळली होती.

त्या खोल्यांच्या दारा-खिडक्यांच्या चौकटींवर रंगाचे थरावर थर बसले होते आणि कोपऱ्यांतून पापुद्रे सुटत होते. थांबाकाकांनी सुरीच्या टोकानं एक टवका काढला, उजेडात धरून पाहिला आणि कागदात गुंडाळून खिशात टाकला. म्हणाले, "थांबा, याला कुणी हात लावू नका. हातातलं काम संपलं की मी येतो." तो टवका त्यांनी तपासायला दिला. त्यात काय निघालं, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. त्यांना वाटलं, हात लावू नका म्हटलं, एवढं पुरे.

मधल्या काळात लेक बाळंत झाली, मुलगी झाली. दवाखान्यातून तिला घरी सोडायचं ठरलं त्या दिवशी माझी बायको तिला आणायला गेली आणि दुपारी मी जिना चढून आलो. समोरचं दार उघडंच होतं. खिडकीची चौकट घासून पांढरी स्वच्छ केलेली, खाली घासायचं मशीन पडलेलं, जावयाच्या भुवयांवर धूळ. पंखा पूर्ण वेगात होता आणि त्याची आई, म्हणजे थांबाकाकांच्या विहीणबाई, पदर खोचून केर काढत होत्या.

"बघा, कसं लखलखीत केलं," त्या मला म्हणाल्या. "याच्या सासऱ्यांची वाट बघत बसलो असतो, तर नात शाळेत जाईपर्यंत चौकट पुरी झाली नसती."

तेवढ्यात माझ्या मागून थांबाकाका आले. उंबऱ्यात त्यांचा पाय अडखळला. ते तडक आत गेले आणि पंख्याचं बटण बंद केलं.

"झाडू खाली ठेवा, विहीणबाई."

"अहो, तान्हं लेकरू येतंय. केर तरी काढू द्या."

"त्याच्यासाठीच म्हणतोय. हलवू नका काही. सगळे बाहेर या."

जावई हसला. "बाबा, घासून झालंय. आता काय थांबायचं?"

"खालच्या थरात शिसं आहे," थांबाकाका म्हणाले. "तुम्ही ते कोरडं घासलंत, वर पंखा लावलात, वर झाडलंत. आता ते गादीवर आहे, पाळण्यात आहे, तुमच्या छातीत आहे. आपल्यालाही बाधतं, पण लेकराच्या तर मेंदूलाच इजा होते."

जावयाचा चेहरा उतरला. "मग सांगायचं ना तेव्हाच!"

"थांबा म्हणालो होतो की."

"बाबा, तुम्ही चहालाही थांबा म्हणता."

खाली गाडीचं दार आपटलं. जिन्यावर पावलं वाजू लागली, एकेका पायरीवर टेकत येणारी. मध्ये माझ्या बायकोचा आवाज, "सावकाश ग, सावकाश." विहीणबाई झाडू हातात धरून तशाच उभ्या. थांबाकाका दारात आडवे उभे राहिले.

लेक वर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ छातीशी.

"बाबा, सरका."

"आत यायचं नाही."

"आज तरी भांडू नका हो. माझ्यात उभं राहायचं त्राण नाही."

"भांडण नाही, बाळा. पण आत यायचं नाही."

तिचे डोळे भरून आले. तिनं दुपटं पुढे केलं. "घ्या तुमची नात. आता तरी वाट द्याल?"

थांबाकाकांचे हात उचलले गेले, आणि त्यांनी ते झटकन पाठीमागे नेले. काम आटोपून ते थेट इकडेच आले होते, नातीचा चेहरा त्यांनी अजून पाहिलेला नव्हता. मान लांब करून ते दुपट्यात बघायचा प्रयत्न करत होते, पण एक पाऊलही पुढे टाकत नव्हते.

"घेत पण नाही?" लेक म्हणाली. "मुलगी झाली म्हणून?"

माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"मी आत्ता आत गेलो होतो," थांबाकाका म्हणाले. "माझ्या सदऱ्यावर, हातावर विष आहे. मी तिला घेतलं किंवा तुम्हाला आत येऊ दिलं, तर ते तिच्या पोटात जाईल." मग त्यांनी शिशाचं सगळं सांगितलं, टवक्यापासून. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "हे मी आधीच सांगायला हवं होतं. माझ्या सवयीवर सगळं सोडून दिलं."

लेक इतक्या झटक्यानं मागे सरली की माझ्या बायकोला तिचा दंड धरावा लागला. बाळाला घट्ट धरून, आतल्या सासूकडे बघत ती म्हणाली, "मग आई अजून आत कशाला? बाहेर काढा त्यांना."

मायलेकी आमच्याकडे राहिल्या. विहीणबाई आणि जावई डोक्यावरून आंघोळ करून रक्त तपासायला गेले. झाडू आणि गादी पिशवीत बांधून गेली. समोरच्या दारावर प्लास्टिक लागलं. आत थांबाकाका आणि जावई, दोघांच्या तोंडावर बारीक धूळ अडवणारे मास्क. पंखा बंद. जावई उरलेल्या चौकटींचं लाकूड फवाऱ्यानं भिजवायचा, थांबाकाका पत्र्याच्या पातीनं ओला रंग खरवडायचे, खालच्या कागदावर पडलेलं ओलं असतानाच गुंडाळायचे. मग फडक्यानं पुसणं, फडकं टाकणं, नवं पाणी, नवं फडकं. पंख्याची पातीसुद्धा पुसली.

विहीणबाई आणि जावई, दोघांच्या रक्तात शिसं थोडं निघालं. डॉक्टर म्हणाले, आता संपर्क तुटला की उतरेल, पुन्हा तपासू. विहीणबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "मीच उडवलं सगळं," एवढंच म्हणत राहिल्या. सून त्यांच्या शेजारी बसून राहिली.

खिडकीच्या कट्ट्यावरून पुसलेलं फडकं तपासायला गेलं, त्याचा निकाल वाईट आला. डोळ्यांना कट्टा स्वच्छ दिसत होता. पुन्हा सगळं पहिल्यापासून. लेक आमच्या दारातून विचारायची, "झालं का?" आणि समोरून उत्तर यायचं, "नाही." तिनं एकदाही लवकर करा म्हटलं नाही.

दुसरा निकाल चांगला आला. थांबाकाकांनी प्लास्टिक उतरवलं, रंगाचा शेवटचा हात फिरवला, कपडे बदलले आणि आमच्या दारात येऊन उभे राहिले. लेक बाळ घेऊन उठली, पण दिलं नाही.

"सदरा?"

"धुतलेला आहे."

"हात?"

"साबणानं. कोपरापर्यंत."

"केस?"

त्यांनी डोक्यावर हात नेला. ते वळले आणि आमच्या मोरीत गेले. बादलीत पाणी सुटल्याचा आवाज आला. लेक बाळाला मांडीवर घेऊन तिथेच पाटावर बसली.